दर पावसाळ्यात डुलणाऱ्या लाद्या: फाटकापासून पडवीपर्यंतची जुनी वाट पुन्हा बसवताना

तक्रार अशी. फाटकापासून पडवीच्या पायरीपर्यंत सिमेंटच्या चौकड्यांच्या लाद्यांची जुनी वाट आहे. उन्हाळ्यात तिच्यावर बैलगाडी नेली तरी हलणार नाही असं वाटतं. मृग लागून पंधरा दिवस झाले की ठरावीक जागच्या लाद्या पायाखाली डुलायला लागतात. पाय पडला की सांध्यातून गढूळ पाण्याची पिचकारी उडते आणि लेंगा गुडघ्यापर्यंत माखतो. श्रावण येईपर्यंत एखादी लादी कोपऱ्यातून वर येते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ठेच लागते. दिवाळीनंतर गवंडी बोलवायचा, त्याच लाद्या उचलून खाली सिमेंट घालून बसवायच्या. पुढच्या जुलैत पुन्हा तेच.

आमचं घर राजापूर तालुक्यात, जांभ्या दगडाच्या सड्याखालच्या (सडा म्हणजे उघडं कातळी पठार) उतारावर. इथे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. वाट १९७४ साली घातलेली, दहा इंची लाद्या, रुंदीला चार आणि लांबीला सदतीस ओळी, म्हणजे एकूण १४८. २०१४ पासून दर वर्षी डागडुजी चालली होती. २०२१च्या ऑगस्टमध्ये आई दूध घ्यायला फाटकाकडे निघाली आणि पायरीपासून तिसऱ्या ओळीतल्या लादीनं तिला दगा दिला. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्यानंतर मी ठरवलं की आता वरवर थापायचं नाही, हे दर वर्षी का होतं ते आधी शोधायचं. ज्यांच्या अंगणात हाच त्रास आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो.

आधी स्वतःला विचारायचा प्रश्न

वाट पहिली चाळीस वर्षं धडधाकट होती. मग २०१४ पासूनच काय बिनसलं? हा प्रश्न मी सात वर्षं विचारलाच नव्हता. लाद्या जुन्या झाल्या, आता अशा लाद्या मिळत नाहीत, गवंडी पूर्वीसारखे राहिले नाहीत, असंच सगळे म्हणत होते आणि मीही मान डोलावत होतो. पण लादी जुनी झाली तर झिजेल, तिचे चौकडे बुजतील, कड तुटेल. ती डुलते तेव्हा तिच्याखालचं काहीतरी गेलेलं असतं.

उत्तर आईकडे होतं. हात गळ्यात बांधून ती महिनाभर पडवीत बसून होती. एक दिवस म्हणाली, "अरे, पाऊस सुरू झाला की तिथं पाणी नाही येत. पन्हळ वाहायला लागली की येतं." मी छत्री घेऊन वाटेवर उभा राहिलो. खरंच तसं होतं. पहिली पाच-सात मिनिटं वाट नुसती ओली होती. मग पन्हळ भरली, तिच्या तोंडातून मनगटाएवढी धार सुरू झाली, आणि ती धार वाटेपासून वीतभर अंतरावर, बरोब्बर तिसऱ्या ओळीशेजारी पडत होती.

२०१३च्या उन्हाळ्यात आम्ही पडवीवर झड येऊ नये म्हणून पुढे पत्र्याची शेड काढली होती. त्याआधी कौलांच्या वळचणीवरून पागोळ्या पडायच्या. त्या सगळ्या लांबीत विखुरलेल्या असायच्या आणि खाली त्यांच्यासाठी गोट्यांनी भरलेला चर होता. शेड आली, चर बुजवला, आणि सगळं पाणी एका तोंडातून एका जागी पडायला लागलं. हिशेब करून पाहा: शेड चोवीस फूट लांब आणि दहा फूट रुंद, म्हणजे जवळजवळ २२ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दिवसाला १०० मिलीमीटर पाऊस आमच्याकडे जुलैत नवलाचा नाही. त्या एका दिवशी वाटेच्या त्या कोपऱ्यात २,२०० लिटर पाणी ओतलं जात होतं. त्यापुढे कुठलं सिमेंट टिकणार?

म्हणून पहिलं काम हेच करा. लादी उचलू नका, गवंड्याला फोन करू नका. जोराच्या पावसात अर्धा तास वाटेवर उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून निघून जातं ते बघा. मोबाइलवर चित्रण करून ठेवा, नोव्हेंबरमध्ये उपयोगी पडेल, कारण तेव्हा सगळं कोरडं असतं आणि आपण विसरून जातो.

लादीखाली काय सापडलं

दसरा झाला, जमीन वाफशावर आली, तेव्हा पहिली लादी उचलली. ती नुसती लादी आली नाही. तिच्या पाठीला तीन बोटं जाडीचा सिमेंटचा गठ्ठा चिकटलेला होता, आणि त्या गठ्ठ्यात थर दिसत होते: एक काळसर, एक फिकट, एक वाळू जास्त असलेला भुरा. दर दिवाळीत घातलेलं सिमेंट लादीलाच धरून बसलं होतं. गठ्ठ्याची खालची बाजू गुळगुळीत होती, तिच्यावर मातीचा पातळ लेप होता आणि मातीशी तिचा काडीचा संबंध उरला नव्हता. खाली दोन बोटांची पोकळी, त्यात पिठासारखी बारीक ओली माती, गोगलगायींचे शंख, मुंग्यांची पांढरी अंडी, आणि एका बाजूनं घुशीचं बीळ.

म्हणजे दर वर्षी आम्ही लादी बसवत नव्हतो, तिला जड करत होतो. पाणी सांध्यातून खाली जायचं, मातीत थांबायचं. वरून पाय पडला की लादी पंपासारखी दाबली जायची आणि बारीक माती घेऊन पाणी बाहेर उडायचं. ती गढूळ पिचकारी म्हणजे वाटेचा पायाच होता, थोडा थोडा बाहेर येत असलेला. माती गेली की पोकळी वाढते, पोकळी वाढली की लादी जास्त डुलते, जास्त डुलली की जास्त माती जाते. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की वरून दर्जा, म्हणजे सांध्यांत सिमेंट, भरून का भागत नाही ते कळतं.

दुसरी गोष्ट दोरी लावल्यावर कळली. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास अंगण करतात: नवी माती घालायची, पाणी मारायचं, चोपण्यानं चोपायची, मग सारवायचं. चाळीस-पन्नास वर्षं दर वर्षी थोडी थोडी माती चढली. वाट मात्र आहे तिथेच राहिली. वरच्या बाजूचं अंगण वाटेपेक्षा तीन इंच उंच झालं होतं आणि खालच्या बाजूला कर्दळीच्या वाफ्याचा बांध. वाटेचा ओहोळ झाला होता. १९७४ला घालणाऱ्यानं ती अंगणापेक्षा वर ठेवली असणार, कारण पायरीजवळच्या पहिल्या ओळीत जुनी चिऱ्याची (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची) कड मातीखाली दोन इंचांवर सापडली.

कुठल्या लाद्या काढायच्या

सगळ्या काढाव्या लागतीलच असं नाही. छिन्नीच्या लाकडी मुठीनं प्रत्येक लादीवर चार कोपरे आणि मध्य असं ठोकून बघा. भरीव लादी टणक वाजते. पोकळ लादी बद्द वाजते. एकदा दोन्ही आवाज ऐकले की परत चूक होत नाही. बद्द वाजणाऱ्यांवर खडूनं फुली मारा आणि लांब उभं राहून फुल्यांचा आकार बघा. विखुरलेल्या दोन-चार असतील तर तेवढ्याच काढा. एका जागी झुबका असेल तर त्या जागी पाणी येतंय किंवा बीळ आहे. एका कडेनं ओळीच्या ओळी असतील तर ती कड सुटली आहे. आमच्याकडे १४८ पैकी ६१ पोकळ निघाल्या, पण उतार सगळाच बिघडलेला असल्यामुळे पूर्ण वाट काढली.

काढताना मधून सुरुवात करू नका. कडेची माती मोकळी करा, करवतीच्या जुन्या पात्यानं सांधे खरवडून घ्या, मग पहार थेट लादीखाली न घालता मधे लाकडाची पाचर द्या. पहारेनं थेट उचललं की कोपरा गेलाच. पाठीवर ऑइलपेंटनं ओळ आणि क्रमांक लिहा. खडू पहिल्या शिंतोड्याला जातो. हे उगाच केलेलं कौतुक नाही. पन्नास वर्षांत प्रत्येक लादी आपल्या जागी वेगळी झिजलेली असते. मधल्या दोन रांगा पायांनी खोलगट झालेल्या, कडेच्या अजून कोरीव. सरमिसळ करून बसवल्या तर पाय अडखळतो आणि वाट ठिगळं लावल्यासारखी दिसते.

पाठीचा गठ्ठा काढायला खरा वेळ लागतो. लादी ओल्या वाळूनं भरलेल्या पोत्यावर उपडी ठेवायची आणि छिन्नी आडवी, जवळजवळ लादीला समांतर धरून कडेकडून आत यायचं. उभी छिन्नी मारली की लादी मधोमध चिरते. मी दिवसाला बारा-पंधरा करत होतो. एकूण अकरा लाद्या माझ्या हातून फुटल्या. त्यातल्या सात कापून कडेला वापरल्या, चार कमी पडल्या त्यांच्या जागी नव्या आणून फाटकाच्या शेवटच्या ओळीत घातल्या. नव्या लाद्या मधे कुठेही घालू नका, एका टोकाला एकत्र घाला म्हणजे त्या मुद्दाम केल्यासारख्या दिसतात.

अॅसिडबद्दल आताच सांगतो. गठ्ठा मऊ पडावा किंवा शेवाळ जावं म्हणून संडास धुण्याचं अॅसिड ओतायचा सल्ला हमखास मिळतो. मीही २०१७ साली दहा-बारा लाद्यांवर ओतलं होतं. फेस आला, लाद्या स्वच्छ दिसल्या, आणि त्या वर्षीच्या पावसात त्याच लाद्यांवर सगळ्यात जास्त शेवाळ धरलं. अॅसिड सिमेंट खातं, वरचा गुळगुळीत थर जातो, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि शेवाळाला धरायला जागा मिळते. शहाबादी फरशीवर तर अजिबात नको. तो चुनखडीचाच दगड आहे, अॅसिडमध्ये सरळ विरघळतो.

पाया

आधी पाणी वळवलं. पन्हळीच्या तोंडाला चार इंची पाइप जोडून तो अंगणाच्या कडेनं परसात नेला आणि पोफळींच्या आळ्यात सोडला. हे काम पायाच्या आधी, लाद्यांच्या आधी. एवढं एकच केलंत आणि बाकी काही जमलं नाही, तरी पुढचा पावसाळा निम्मा सुखाचा जाईल.

मग वाट सात इंच खणली, रुंदीला दोन्हीकडे चार इंच जास्त. घुशीचं बीळ दिसेल तेवढं खणून त्यात खडी आणि फुटक्या काचा ठासल्या. नुसती माती भरली तर महिन्यात पुन्हा उकरतात. तळाची माती पाणी शिंपडून धुम्मसानं ठोकली. जिथे टाच दाबून खळगा पडत होता तिथली चिकण माती काढून मुरूम घातला. वर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरलं, म्हणजे खालची बारीक माती खडीत चढत नाही. त्यावर तीन इंच काळ्या दगडाची खडी दोन थरांत ठोकून, आणि वर इंचभर कच, म्हणजे दगडाची बारीक चुरी. अर्धा ब्रास खडी आणली होती, थोडी उरली. चिऱ्याचे तुकडे अंगणात पडून असतात म्हणून तेच पायात घालायचा मोह होतो. मी घातले नाहीत. जांभा पाण्यात राहून राहून आणि दाबाखाली भुगा होतो, आणि आपल्याला पुन्हा पीठ नको आहे.

कडेला दोन्ही बाजूंनी चिरे उभे पुरले. वरच्या बाजूचे लादीच्या पातळीपेक्षा दोन बोटं उंच, म्हणजे अंगणाचं पाणी वाटेवर येत नाही. खालच्या बाजूचे लादीपेक्षा अर्धा इंच खाली, म्हणजे वाटेवरचं पाणी अडत नाही. कड नसेल तर लाद्या हळूहळू बाहेर सरकतात आणि सांधे उघडतात. कर्दळीचा वाफा हातभर मागे हटवला. आईला ते आवडलं नाही, पण हात हलवता येत नव्हता म्हणून तिनं ऐकलं.

उतार फुटाला पाव इंच, एका बाजूला. आमच्या रुंदीला तो पाऊण इंचाच्या थोडा वर भरतो. डोळ्यानं ठरवू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी खुणांवर घ्या आणि दोऱ्या बांधा. गवंडीकाका म्हणाले, "भाऊ, एवढा उतार चालताना कळायचा नाही, पण पाण्याला कळतो." तसंच झालं.

माल आणि बसवणं

दर वर्षी आम्ही चार पाटी वाळूला एक सिमेंट असा तगडा माल घालत होतो, वाट मजबूत व्हावी म्हणून. उलटं होतं. घट्ट माल पायाबरोबर जरासुद्धा हलत नाही, तो तडकतो किंवा सुटतो. या वेळी सहा भाग वाळू, एक भाग सिमेंट, एक भाग पिशवीत मिळणारा हायड्रेटेड चुना असा माल घातला. चुन्यामुळे माल लोण्यासारखा पसरतो आणि थोडं मागेपुढे सोसतो. पाणी एवढंच की मुठीत लाडवासारखा वळला पाहिजे आणि बोटाला पाणी लागता कामा नये. दीड इंचाचा थर. सगळ्या वाटेला तीन पोती सिमेंट पुरलं.

वाळूकडे नीट बघा. किनारपट्टीला खाडीची वाळू स्वस्तात मिळते. तिच्यातलं मीठ मालातून वर येतं आणि लाद्यांवर पांढरा लोणा धरतो. पूर्वीच्या डागडुजीच्या जागी आमच्याकडे नेमका तो होता. चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली तरी कळतं. आम्ही क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, घेतली. लोणा आधीच असेल तर पाण्यानं धुऊ नका, पाणी तो परत आत नेतं. कोरड्या दिवशी कडक ब्रशनं झाडून सुपलीत भरून लांब टाका. दोन-तीन वेळा करावं लागतं.

लाद्या दहा मिनिटं पाण्यात बुडवून, पाठ निथळू देऊन, पाठीला सिमेंटची पातळ खळ लावून बसवल्या. कोरडी लादी मालातलं पाणी शोषून घेते आणि माल कच्चा राहतो. रबरी हातोड्यानं ठोकत दोरीला आणायची, आणि प्रत्येक लादी बसली की पुन्हा मुठीनं वाजवून बघायची. बद्द वाजली तर तेव्हाच उचलायची. उद्या उचलायला दसपट कष्ट.

सांधा काडेपेटीच्या काडीएवढा. दुसऱ्या दिवशी दर्जा भरला. दर बारा ओळींनंतर एक सांधा सिमेंटशिवाय, नुसत्या वाळूनं भरला, उन्हात लाद्या फुगायला जागा राहावी म्हणून. मग सात दिवस ओली पोती टाकून पाणी मारलं आणि कुणाला वाटेवर फिरकू दिलं नाही.

तुमच्याकडे वेगळं असेल तर

देशावर काळी माती असेल तर पाणी वळवूनही लाद्या हलतील, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे फूटभर माती काढून मुरूम भरल्याशिवाय वरचं काहीही टिकत नाही. शहाबादीच्या मोठ्या फरश्या असतील तर त्या डुलत नाहीत, मधून चिरतात. कारण तेच, खालची पोकळी. लाद्या उन्हाळ्यातच तंबूसारख्या दोन-दोन वर उचलल्या गेल्या असतील तर तो पाण्याचा दोष नाही, सांधे न ठेवल्याचा आहे.

शेवाळ मात्र वेगळा विषय. सावलीत ते येणारच. मे महिन्यात आणि पुन्हा गणपतीच्या आधी काथ्याच्या ब्रशनं कोरडं घासतो. फारच धरलं तर ब्लिचिंग पावडरचं पाणी पंधरा मिनिटं ठेवून भरपूर पाण्यानं धुतो, झाडांच्या मुळाशी जाऊ न देता. ब्लिचिंग पावडर आणि अॅसिड एकत्र कधीही वापरू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

त्यानंतरचे तीन पावसाळे वाट जागची हलली नाही. तिसऱ्या ओळीवर मी दर जुलैत मुद्दाम जोरात पाय आपटून बघतो. चौथ्या पावसाळ्यात मात्र फाटकाजवळ, एकोणतिसाव्या ओळीत दोन लाद्या बद्द वाजायला लागल्या. तिथे पाणी नाही. शेजारी फणस आहे आणि त्याचं मनगटापेक्षा जाड मूळ खालून वर येतंय. ते तोडायचं नाही असं ठरलंय. एवढं जाड मूळ तोडलं तर झाडाचा त्या बाजूचा आधार जातो, आणि तो फणस वाटेपेक्षा जुना आहे. दसऱ्यानंतर तिथल्या तीन ओळी काढून, खाली माल न घालता, नुसत्या कचेवर चार बोटं उंच बसवणार आहे, म्हणजे मूळ वाढलं की हातानं उचलून पुन्हा सारख्या करता येतील. तोवर त्या दोन लाद्यांवर आईनं पाय ठेवू नये म्हणून तुळशीची मोठी कुंडी ठेवली आहे.